माठ, बरणी आणि खडीची धूळ: मातीत काम करणाऱ्याला सुचतं कुठून?

प्रश्न असा आहे: "पुण्यात हाताने सिरॅमिकची भांडी घडवणाऱ्यांना प्रेरणा कुठून मिळते? मी तीन महिन्यांचा चाकाचा कोर्स केला. कप बरे होतात, पण सगळे आमच्या बाईंच्या कपांसारखे दिसतात. स्वतःचं काही कसं सापडेल? आणि घरी चाक घ्यावं का?"

कप बाईंच्या कपांसारखे दिसतात याचं वाईट वाटून घेऊ नका. तीन महिन्यांत तेवढं जमलं असेल तर हात चांगला आहे. माझी पहिली दोन वर्षं कप कशासारखेच दिसत नव्हते.

राहिला प्रेरणेचा प्रश्न. प्रदर्शनात टेबलामागे उभी असले की दर तासाला कोणीतरी तो विचारतं आणि मी "सह्याद्री, पाऊस, निसर्ग" असं काहीतरी सांगून सुटका करून घेते. तसं सांगितलं की कप विकलाही जातो. पण सिंहगडावरचं धुकं बघून घरी आले आणि ग्लेझ (भांड्यावर भाजून बसणारा काचेसारखा थर) सुचलं, असं बावीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. जे सुचलं ते दोनच वाटांनी आलं. एक तर कुठलं तरी जुनं भांडं हातात घेतल्यावर त्याचा आकार तसाच का आहे हे कळलं, नाहीतर भट्टीत काहीतरी बिघडलं.

पहिलं भांडं म्हणजे माठ. मी नुकतीच स्टोनवेअर, म्हणजे चढ्या तापमानाला भाजायची घट्ट भांडी, शिकून आले होते आणि डोक्यात हवा होती. मुंढव्याच्या केशवनगरमध्ये कुंभारवाडा आहे, तिथे एका आजोबांचं काम बघायला गेले. त्यांनी चाकावरून जे उतरवलं ते बघून मी मनात म्हटलं, हे काय, जाडजूड, बुटकं, भिंत दोन बोटं जाड. मी न राहवून विचारलंच, एवढं जाड का ठेवता? ते म्हणाले, "हे भांडं न्हवं ताई, नुसता उंडा. उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेले. माती चामड्यासारखी आवळली होती. आजोबांनी ते उलटसुलट करून मांडीवर घेतलं, डाव्या हातात गुळगुळीत गोल दगड घेऊन तो हात आत घातला आणि उजव्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून ठोकायला लागले. दगड आतून जिथे टेकलेला असेल नेमकं तिथेच बाहेरून थापटणं पडायचं. आतला हात तर दिसत नव्हता. मधूनमधून दगड राखेत बुडवत होते, म्हणजे ओल्या मातीला तो चिकटत नाही. भांडं फिरत होतं, पोट सुटत होतं, भिंत पातळ होत होती. आवाज आधी 'थप थप' होता, तो हळूहळू 'टप टप' झाला. मग थांबले, भांडं सावलीत ठेवलं, दुसरं घेतलं. पहिलं जरा आवळलं की पुन्हा त्याची पाळी. शेवटी पहिल्या दिवशीच्या त्या बुटक्यातून दोन कळशा पाणी मावेल असा माठ निघाला, आणि बूड इतकं गोल की चाकावर ते होणंच शक्य नाही.

त्या मातीत घोड्याची लीद होती. लीद कशाला, हे मला तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं. भाजताना लिदीतले गवताचे तंतू जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगावर येऊन वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते असं. शिवाय पुण्याची काळी माती सुकताना भयंकर आकसते आणि तडकते. तंतूंनी ती धरून ठेवली जाते, म्हणजे एकाच लिदीत दोन कामं होतात.

हे नीट समजलं नव्हतं म्हणून माझी फजिती झाली. एका ओळखीच्या बाईंनी मला "तुमच्या त्या निळ्या ग्लेझमधला" माठ करून मागितला. मी केला, सुंदर झाला, त्यांनी पैसेही दिले. एप्रिलमध्ये फोन आला, पाणी नळाच्या पाण्याइतकंच कोमट. होणारच ना! स्टोनवेअर १२२० अंशांना भाजलं की माती काचेसारखी घट्ट होते, वर ग्लेझचा थर, पाझरणार कुठून? मी पैसे परत केले. त्या बाईंनी माठात छत्र्या ठेवल्या.

तेव्हापासून एखादं भांडं आवडलं की मी आधी विचारते, हा आकार कुठल्या कामासाठी आला? आकार उचलून काही मिळत नाही, त्यामागचं काम मात्र आपल्या भांड्यात आणता येतं.

एक उदाहरण देते, कारण ही चूक पुण्यात खूप जण करतात आणि मीही केली. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडीने जे एकसारखे ठोके घालतात त्याला मठार म्हणतात. दिसायला अप्रतिम. मी मातीच्या वाडग्यांवर एका बोथट हत्याराने तसे खळगे पाडले. सहा महिने पाडत होते. लोकांना आवडायचे, मला मात्र ते वाडगे उसने कपडे घातल्यासारखे वाटायचे. कारण कळायला वेळ लागला. तांब्याचा पत्रा ठोकल्याने कडक होतो, मठारामुळे भांडं मजबूत होतं. माझ्या वाडग्यावर ते नुसतं नक्षीकाम होतं. पण मातीचा स्वतःचा मठार आहेच की! त्या आजोबांच्या माठाच्या पोटावर हात फिरवा, थापटण्याच्या सपाट खुणा बोटांना लागतात. मग मी थोड्या जाड भिंतीच्या बरण्या चाकावर करून दुसऱ्या दिवशी थापटून फुगवायला लागले. अर्ध्या फुटल्या. उरलेल्या अर्ध्यांवर ज्या खुणा आल्या, त्या मला आजही माझ्या वाटतात.

आवाजाचं मघाशी लिहिलं, तर त्याचंही सांगते. गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. तेरच्या त्या कुंभाराने जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून मडकं पक्कं की कच्चं हे पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. कीर्तनात तिचा अर्थ वेगळा लावतात. मी ती आमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून ऐकते. भाजलेलं भांडं बोटाच्या पेरावर तोलून धरा आणि टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे किंवा भांडं कमी भाजलंय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना भट्टी उघडल्यावर पहिलं काम हेच असतं, फोटो नंतर.

असाच खणखणीत आवाज जोर्वे भांड्यांचाही, म्हणजे उत्खननांत सापडलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांचाही येतो, असं उत्खननाच्या वर्णनांत वाचलं आणि मी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, हसमुख सांकलिया आणि मधुकर ढवळीकर यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. तिथली जोर्वे भांडी साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातली. तांबूस-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रंगात रेघा, तिरक्या जाळ्या, पोटाला बाजूने जोडलेली लांब नळीसारखी तोटी. काही वाडग्यांच्या पोटाला मध्येच ठसठशीत कंगोरा. तोटीचं भांडं मी स्टुडिओत येऊन करून बघितलं. तोटी जोडणं हे खरं संकट असतं. तोटी आणि पोट यांचा ओलावा सारखा नसेल तर सुकताना सांध्यालाच चीर जाते. चाळीसेक तोट्या मोडल्यावर त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागतो. वीज नाही, थर्मामीटर नाही, आणि सांधा तीन हजार वर्षं टिकलाय.

इनामगावात आणखी एक गोष्ट सापडली. लहान मूल गेलं की दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून त्यांत त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत. ज्या कुंभाराने धान्याची मडकी केली, त्यानेच तीही केली असणार. यावर मला कधी काही घडवता आलेलं नाही, घडवायची इच्छाही नाही. पण मोठं मडकं करताना ते मनात येतं.

आता दगड आणि माती, कारण माझं बरंच काम यातूनच आलं आणि यावर कोणी विचारत नाही.

आपण सगळे स्टुडिओवाले माती विकत आणतो. चायना क्ले, बॉल क्ले, फेल्डस्पार बहुतेक गुजरात-राजस्थानातून येतं. पोत्यावर नाव एकच, म्हणून पुण्याचे, बंगळुरूचे, दिल्लीचे ठिपकेवाले पांढरे कप बहिणी-बहिणी दिसतात. मला वाटलं, आपल्या पायाखाली काय आहे ते तरी बघू. पायाखाली बेसॉल्ट, काळा कातळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात लोह भरपूर, ऑक्साइड म्हणून मोजलं तर १० टक्क्यांच्या वर. वाघोलीकडे खडीची क्रशर आहेत, तिथून एक गोणी बारीक धूळ आणली. (मास्क लावून. दगडाची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, यात हयगय नको.) पाण्यात कालवून १०० मेशच्या (इंचाला शंभर छिद्रांच्या) चाळणीतून गाळली आणि नुसतीच चाचणीच्या फरशांवर लावली. भट्टी १२२० अंशांना नेली. बेसॉल्टचा लाव्हा वाहतो तेही साधारण याच घरात, ११००–१२०० अंशांना, त्यामुळे खरं तर आश्चर्य वाटायला नको होतं. पण भट्टी उघडली तर दगडाची ती करडी धूळ काळपट तपकिरी, तुळतुळीत झालेली, कडांना मधासारखी पिवळट. मी त्या फरशा घेऊन जिन्यात बसून राहिले.

मग लोभ सुटला. लाकडाची राख मिसळली, आधी १० टक्के, मग २०, मग ३०. राखेतला चुना आणि पोटॅश ग्लेझ पातळ करतात. ३० टक्क्यांच्या फरशीवरून ते ओघळलं, खाली भट्टीच्या फळीवर गेलं आणि थंड होताना घट्ट बसलं. छिन्नीने काढताना फळीही गेली. पण ओघळलेल्या टोकाशी, जिथे थर जाड झाला होता, तिथे काळ्यात निळसर दूधट छटा उतरली होती. पुढची दोन वर्षं मी ती छटा कपाच्या आत, नेमकी तळाशी कशी आणायची यावर घालवली. ग्लेझवर आयुष्यभर काम केलेल्या निर्मला पटवर्धनांसारख्या लोकांच्या नोंदी वाचल्या की कळतं, या कामात दोन वर्षं म्हणजे काहीच नाही.

काळ्या मातीने मात्र दगा दिला. शेतातली माती आणून, भिजवून, गाळून ९५० अंशांना छोट्या ताटल्या भाजल्या. रंग गडद विटकरी, फार देखणा. मे महिन्यात एका कॅफेला तीस दिल्या. जुलैत फोन आला, ताटल्यांच्या अंगावरून आपोआप टवके उडताहेत, आणि प्रत्येक टवक्याखाली पांढरा ठिपका. मी कपाळावर हात मारला. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. पावसाळ्याची दमट हवा लागली की तो चुना पाणी ओढून फुगतो आणि वरची माती उडवतो. चाळणी जाड होती, चूक माझीच. आता तीच माती ८० मेशमधून दोनदा गाळते आणि ताटलीसाठी नाही, स्टोनवेअरवर पातळ लेप म्हणून लावते. वरच्या तापमानाला चुना ग्लेझमध्ये विरघळून जातो, त्रास देत नाही.

अशा घरच्या ग्लेझमध्ये जेवणाची भांडी करणार असाल तर एक करा. आत लिंबाची फोड किंवा दोन आमसुलं रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग किंवा चकाकी बदललेली दिसली तर ते भांडं झाडासाठी. हे आपल्याकडे फार कमी जण करतात आणि आमटी-सोलकढीच्या देशात हे न करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

स्वतःच्या मातीचा विषय निघालाच आहे तर, सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग तुम्ही पाहिली असेल. ती जपानमधल्या ओकायामाच्या बागेवरून केली आहे. त्याच ओकायामा प्रांतात बिझेन आहे. तिथले कुंभार भाताच्या शेतांखालची लोहयुक्त माती घेतात, ग्लेझ लावत नाहीत, लाकडाच्या भट्टीत दिवसचे दिवस भाजतात, आणि राख-ज्वाळा जे काही करतील तेच रंगकाम. आपण त्या बागेत तळ्यातले मासे बघून परत येतो.

बाकीच्यांचं विचाराल तर कोणी टेकडीवरच्या गवताचे ठसे घेतं, कोणी वाड्यांच्या कोनाड्यांवरून दिवे करतं, कोणी हॉटेलच्या शेफबरोबर बसून ताटं करतं. चांगलंही होतं, नुसतं छानछानही होतं. फोनवरच्या चित्रांवरून करणारे सर्वांत जास्त. त्याबद्दल काही बोलत नाही.

केशवनगरच्या किंवा कसब्यातल्या कुंभाराला प्रेरणेचा प्रश्न विचारलात तर तो बहुधा महिना विचारेल. संक्रांतीआधी सुगडं, उन्हाळ्याच्या तोंडावर माठ, अक्षय्य तृतीयेला पुन्हा माठ, पोळ्याला बैल, मग गणपती, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या आणि किल्ल्यावरचे मावळे. पंचांग हीच त्याची वही. मला याचा हेवा वाटायचा, म्हणून गेली आठ वर्षं मी डिसेंबरात बाकी सगळं थांबवून फक्त सुगडं करते. तीनशे-चारशे. ऊस-बोरं-हरभरा मावेल एवढं पोट, आणि दोरा गुंडाळता येईल असा गळा. त्यात फेरफार करायला जागाच नाही. साधारण शंभराव्या सुगडाला विचार करणं थांबतं आणि दोनशेच्या पुढे हात काहीतरी स्वतःचं करायला लागतो, काठ जरा जास्त मुडपतो, गळा जरा आखडतो. जानेवारीत कप करायला बसले की तो काठ कपाला येतो.

"स्वतःचं काही कसं सापडेल", याचं माझ्याकडचं एकच खरं उत्तर बरणीचं आहे. आजीची लोणच्याची बरणी माझ्याकडे आली, ती चिनी मातीची, खाली पांढरी आणि वर तपकिरी. झाकणाखाली गळ्याला एक खोल खाच. ती कशाला? दादरा बांधायला. फडकं घातलं की दोरी त्या खाचेत बसते, घसरत नाही, आत मुंगी जात नाही. एकदा बिनकानाच्या चहाच्या कपाने बोटं भाजली, आणि तेव्हा ती खाच आठवली. मी काठाच्या खाली तशीच खाच घेतली. तर्जनी आणि अंगठा तिथे अडकतात, काठाजवळ भिंत कमी तापते, कप ओला असला तरी निसटत नाही. आज लोक त्याला माझी शैली म्हणतात आणि त्या खाचेवरून माझा कप ओळखतात. बरणी कोणालाच आठवत नाही, आणि मलाही ते सांगत बसायची गरज वाटत नाही.

तेव्हा तुमच्या घरातलं एक भांडं घ्या. मातीचंच हवं असं नाही, पितळी तांब्या, फुंकणी, दगडी पोळपाट, काहीही. त्याचा एक भाग असा शोधा जो फक्त कामासाठी आहे. ते काम तुमच्या कपाला करायला लावा. आणि तोच कप पन्नास वेळा करा, पन्नास वेगवेगळे नकोत. माती साधारण १२ टक्के आकसते हे लक्षात ठेवून, म्हणजे भाजल्यावर ८ सेंटीमीटर हवा असेल तर चाकावर ९ च्या किंचित पुढे.

चाक आत्ता घेऊ नका. चाकापेक्षा भट्टीचा प्रश्न मोठा असतो, आणि फ्लॅटमध्ये मातीचा गाळ सिंकमधून गेला की सोसायटीशी कायमचं वैर. बाईंच्या स्टुडिओत तासावर चाक मिळत असेल तर वर्षभर तेच वापरा. तोवर घरी थापटणं करून घ्या, कोणताही सुतार जुन्या सागवानाच्या तुकड्यातून करून देईल, साधारण वीतभर रुंद, धरायला मूठ. दगड मात्र नदीतला गोल आणि गुळगुळीत बघून आणा, तळहातात मावेल असा. केशवनगरला जायचं तर दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. फेब्रुवारीत जा, माठांचं काम चालू असतं. जाताना माठ विकत घ्यायची तयारी ठेवा आणि घेताना टिचकी मारून घ्या.